बाहेरकाठ्यावरचा एक दिवस

पहाटे 5

आषाढ वद्य द्वितीया. रात्रभर पाऊस आहे आणि अलिबाग तालुक्याच्या खारेपाटातल्या या घरात सगळ्यांच्या आधी म्हातारी उठलेली आहे. चहाचं आधण ठेवता ठेवता ती विचारते, "दुजेचं पानी कवा?" तिचा मुलगा, दादा, उत्तर देतो, "दीडला." घड्याळाकडे, मोबाइलकडे कुणी पाहिलेलं नाही. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की भरती किती वाजता पूर्ण होणार ते निघतं. दुजेला दीड, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर हा हिशेब दहावीस मिनिटांच्या फरकाने बरोबर येतो.

मी रसमड्याचा. दुर्गजवळचं, मुंबई-हावडा लाइनीवरचं स्टेशन. आमची शिवनाथ पावसात कितीही फुगली तरी एकाच दिशेने वाहते. महानदीला मिळते आणि पार बंगालच्या उपसागराला जाते. दिवसातून दोनदा उलटं येणारं पाणी मला समजावून घ्यावं लागतं. मीठही आमच्याकडे रेशनच्या दुकानात पिशवीतून मिळतं, छत्तीसगड सरकारची तशी योजनाच आहे. इथे तेच मीठ शेतात येऊ नये म्हणून माणसं पिढ्यान्‌पिढ्या पहारा देतात.

पुनवेच्या मागेपुढे दोन-तीन दिवस उधाण असतं. पावसाळ्यातली मोठी उधाणं भर दुपारी येतात आणि साडेचार मीटरच्या वर चढतात. त्यात वारा पश्चिमेचा असला आणि डोंगराकडून पावसाचं पाणीही उतरत असलं, तर धरमतरच्या खाडीत दोन्हीकडून कोंडी होते. दादा चहा पितो, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतो, फावडं आणि घमेलं उचलतो.

सकाळी 6

गाव उंचवट्यावर आहे. पुढे भातशेती, तिच्यापुढे बाहेरकाठा, त्यापलीकडे कांदळवन आणि मग खाडी. बाहेरकाठा म्हणजे समुद्राच्या बाजूचा मातीचा मुख्य बांध. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी शेताच्या पातळीपेक्षा वर असतं, हे मला बांधावर उभं राहिल्याशिवाय पटलं नव्हतं. सगळं भात समुद्राच्या खालच्या अंगाला उभं आहे आणि मध्ये काय ती चिकणमाती.

दादा खाली वाकून चालतो. त्याची नजर बांधाच्या आतल्या अंगावर असते, कारण धोका तिथे दिसतो. चिंबोऱ्या बांधात बिळं करतात. एका बिळाचं तोंड खाडीकडे आणि दुसरं शेताकडे निघालं की करंगळीएवढी धार सुरू होते. ती धार माती ओढते, भोक मनगटाएवढं होतं, आणि एका उधाणात बांधाचा तुकडाच वाहून जातो. याला खांड जाणं म्हणतात. इथल्या भाषेत यापेक्षा वाईट बातमी नाही. एखाद्याची खांड गेली म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही.

दोन बिळं सापडतात. दादा पायाने चिखल तुडवतो, गोळे करतो, हात कोपरापर्यंत आत घालून ठासतो. बिळाचं तोंड नुसतं लिंपून उपयोग नसतो. आतला पोकळ भाग भरला गेला पाहिजे. मी एक बीळ भरतो. तो ते उकरून पुन्हा भरतो, काही न बोलता.

सकाळी 7.20

पूर्ण ओहोटी. आता उघाडीचं काम.

बांधात पाणी बाहेर सोडायची जी मोरी असते ती उघाडी. तिला बाहेरच्या बाजूने झडप. खाडी उतरली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं; खाडी चढू लागली की तेच पाणी झडप दाबून बंद करतं. वीज नाही, मोटर नाही, माणूस नसला तरी चालतं. अट एवढीच, की झडपेत काही अडकता कामा नये. आणि अडकतं रोज: कांदळाच्या फांद्या, थर्माकोल, चपला, एकदा म्हणे अख्खी खुर्ची. दादा छातीभर पाण्यात उतरून बांबूने साफ करतो.

खाऱ्या जमिनीत भात येतं ते या मोरीच्या जिवावर. मे महिन्यात शेत फोडलं की पांढरट मीठ वर आलेलं दिसतं. पहिले पाऊस शेतात साठवायचे, मीठ विरघळू द्यायचं, ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचं. असं चारदोनदा धुतल्यावर मग मोड आलेलं बी चिखलात फेकायचं. या पेरणीला रहू म्हणतात. ज्यांना लावणी करायची ते करतात, पण मजूर मिळत नाहीत म्हणून रहूच बरी. जुनी बियाणी म्हणजे रता, लाल तांदळाची, खार सोसणारी. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने 'पनवेल' नावाचे वाण काढले, तेही इथे लावतात. दादाची आई मात्र रत्याच्या भाकरीशिवाय दुसरी भाकरी मानत नाही.

उघाडीबाहेर चिखल उघडा पडलाय. दोन बायका निवट्या धरतायत, एक पोरगा पाग टाकतोय. शेकाटे आणि तुतवार चिखलात चोची खुपसत फिरतायत. पलीकडे तिवर आणि चिपी दाट उभी आहे. दादा त्या झाडांकडे हात करून म्हणतो, "ही नसती तर आमचा काठा दोन पावसात गेला असता. लाट तिथंच मरते." हे वाक्य मी लिहून घेतो, कारण इथल्या शेतकऱ्याला कांदळवनाचा शत्रू म्हणणारे लोक मला मुंबईत भेटलेले आहेत.

सकाळी 9

न्याहारी बांधावरच. भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. वहिनी डबा घेऊन आली आहे आणि जाताना तीही आतला काठा बघत बघत जाते.

काठा कुणी बांधला? दादा म्हणतो, "आमच्यानीच." खाजणातून जमीन काढणाऱ्यांना शिलोत्री म्हणत आणि त्यांची ही जमीनधारणा 1883च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात नोंदलेली आहे. खाडीतून जमीन काढायची, ती गोड व्हायला कित्येक पावसाळे घालवायचे, आणि मग सारा भरायचा. पुढे खोत आले, अर्धेअधिक पीक नेऊ लागले. त्याविरुद्ध चरी गावात 27 ऑक्टोबर 1933 रोजी शेतकऱ्यांनी संप पुकारला. तो 1939पर्यंत चालला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी; डॉ. आंबेडकर पाठीशी होते आणि खोती नष्ट करण्याचं विधेयक त्यांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात मांडलं. वारसा म्हटलं की आपण कुलाबा किल्ल्याचा फोटो लावतो. मला विचाराल तर हा चिखलाचा काठा किल्ल्याइतकाच जुन्या रक्ताघामाचा आहे, फक्त त्याला तिकीट नाही.

काठ्याची दुरुस्ती गाव मिळून करायचं. घरटी माणूस, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या लांबीचा तुकडा. याला जोळ म्हणत. 1948 साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला, 1979 साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला आणि पुष्कळ काठ्यांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. काही योजना खासगीच राहिल्या, म्हणजे ज्यांची शेती त्यांनीच बघायच्या. दादाचं म्हणणं, सरकारने काठा घेतला तेव्हा गावाने हात काढला. पुढे सरकारला पैसा पुरला नाही, तेव्हा गावाचे हात उरले नव्हते. पोरं थळच्या खत कारखान्यात, डोलवीच्या पोलाद कारखान्यात, नाहीतर मुंबईत. भिलाईच्या बाजूचा असल्यामुळे पोलाद कारखान्याचा पगार आणि दोन एकर भात यांत कोण जिंकतं ते मला कुणी सांगायला नको.

सकाळी 10.30

भरती लागली आहे, पण अजून वेळ आहे. दादा मला काठ्याच्या टोकाला नेतो. इथून पुढे काठा नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी खांड गेली, बुजवली गेली नाही, पाणी आत येत राहिलं. पाण्याबरोबर तिवराची बियाणी आली. आता तिथे माझ्या डोक्याच्या वर झाडं आहेत. खाली श्वासमुळांची गर्दी, कडेला मोरसाचे मांसल तांबडे-हिरवे गालिचे. बगळे बसलेले. जागा सुंदर आहे, हे कबूल केलं पाहिजे. दादा त्या झाडीत बोट दाखवत सांगतो: तिथे काकाचं, तिथे मामाचं, तो उंचवटा दिसतो तिथे खळं होतं.

सातबारावर ही अजून शेती आहे. जमिनीवर ती कांदळवन आहे. आणि कायद्यात? मुंबई उच्च न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2005 रोजी राज्यभर कांदळवनं तोडायला आणि त्यांत भराव टाकायला मनाई केली. 17 सप्टेंबर 2018च्या निकालाने ती कायम केली. मालकी सरकारी असो की खासगी, झाड उभं असलं की संरक्षण लागू, भोवती 50 मीटर मोकळी पट्टी. हा निकाल आला नसता तर मुंबई-ठाण्याच्या खाड्यांवर आज इमारती उभ्या असत्या, यात मला शंका नाही. बिल्डरसाठी घातलेलं हे कुंपण खारेपाटात मात्र ज्याचा बांध फुटला त्याच्याच शेताभोवती पडलं. खांड बुजवायची तर आत गेलेलं खारं पाणी तुटणार, झाडं मरणार. म्हणजे परवानगी हवी. परवानगी येईपर्यंत झाडं आणखी वाढणार.

सरकारच्या दुसऱ्या वहीत मात्र याच जागेची नोंद आनंदाची आहे. भारतीय वनसर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राचं कांदळवन 2013 साली 186 चौरस किलोमीटर होतं, 2017 साली 304, 2019 साली 320. ही वाढ खरी आहे आणि अभिमानाची आहे. 2012 साली स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाने त्यासाठी मेहनत घेतली. मोजण्याची पद्धत सुधारल्यानेही काही हिरवं नव्याने दिसलं असेल. पण उपग्रहाला झाड दिसतं, झाडाखालचा सातबारा दिसत नाही. त्या वाढलेल्या चौरस किलोमीटरांत कुणाकुणाच्या काकाचं शेत आहे याचा रकाना कुठल्याही अहवालात मला आढळलेला नाही.

बांध जाऊन दलदल होणं दुसरीकडेही घडलं आहे. इंग्लंडमध्येही समुद्रकाठचे बांध शेकडो वर्षांचे आहेत. सॉमरसेटमध्ये पॅरेट नदीच्या मुखाशी स्टीअर्ट नावाची जागा आहे. तिथे 2014 साली पर्यावरण खात्याने आणि पाणथळ पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने मिळून समुद्राचा बांध मुद्दाम फोडला आणि काही शे हेक्टरांवर खारी दलदल तयार होऊ दिली. थंड प्रदेशात कांदळ वाढत नाही. त्या जागी खाऱ्या गवतांची दलदल येते, लाट थोपवणं, मासळीची पिल्लं वाढवणं, चिखलात कार्बन गाडून ठेवणं ही कामं तीच करते. मात्र बांध फोडण्याआधी जमिनीचा व्यवहार झाला, गावांसाठी मागे नवा बांध घातला गेला, मग यंत्राने जुना बांध कापला. आता त्या दलदलीत गुरंमेंढ्या चरतात. इथेही बांध फुटला, दलदल वाढली. आधी करायची ती कामं तेवढी कुणी केली नाहीत.

दादाला हे सांगितलं. त्याने विचारलं, "भाव काय दिला?"

दुपारी 12

आता बोलणं बंद. काठ्यावर माणसं जमू लागली आहेत, प्रत्येकाच्या हातात काहीतरी: फावडं, मातीच्या गोणी, पेंढा, बांबू. उघाडीची झडप केव्हाच बंद झाली आहे. कांदळाची खोडं पाण्यात गेली, मग फांद्या, आता शेंडे तेवढे वर. पाणी दर पाच मिनिटांनी एकेक दगड गिळतंय. पाऊस थांबत नाही. आतल्या शेतातही पाणी चढतंय, कारण त्याला बाहेर जायला वाट नाही.

दुपारी 1

एका ठिकाणी काठा खचलेला आहे, तिथे पाणी आणि माथा यांत वीतभर अंतर. गोण्या रचल्या जातात. एक म्हातारा सगळ्यांना ओरडून कामं सांगतोय. त्याला पद नाही, पगार नाही, पण त्याचा शब्द चालतो. "उभं नका राहू तिथं, काठा दबतो!" मीही बाजूला होतो.

आतल्या अंगाला कुणीतरी हाक मारतं. धार. करंगळीएवढी, पण गढूळ. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर थोडा वेळ असतो. गढूळ म्हणजे बांधाची माती सुटते आहे. दादा आणि दोघे बाहेरच्या अंगाने पाण्यात उतरतात, कारण बीळ बाहेरून बंद करायचं असतं, आतून केलं तर पाणी दुसरीकडून फुटतं. पायांनी चाचपत तोंड शोधायचं. मिनिटं जातात. वर पेंढ्यात गुंडाळलेल्या चिखलाचे गोळे तयार ठेवलेले. दादाचा पाय एकदा भसकन आत जातो. "हितं!" गोळे एकामागून एक खाली. वर गोणी. तिच्यावर तो स्वतः उभा.

आत धार हळूहळू निवळते, मग थेंब थेंब होते.

दुपारी 1.40

पाणी थांबलं. भरती आणि ओहोटी यांच्या मधली ही काही मिनिटं. कुणी जयजयकार करत नाही. एकजण तंबाखू मळायला घेतो, त्यावरून समजायचं.

दुपारी 3

जेवण. जिताड्याचं कालवण, रत्याचा भात. जिताडा घरामागच्या तळ्यातला. खारेपाटात घराजवळ तळं आणि तळ्यात जिताडा ही जुनी रीत. याची पिल्लं खाडीत, कांदळाच्या मुळांत मिळतात. ती आणून गोड्या पाण्यात सोडायची, वर्ष-दोन वर्षं वाढवायची. म्हणजे ताटातला हा मासा अर्धा कांदळवनाचा आणि अर्धा बांधाचा. दोन्ही नीट असतील तरच तो मिळतो. मला वाटतं, समतोल समतोल म्हणून जे सभांमधून बोललं जातं त्याची व्यवस्था इथे आधीपासून होती: बाहेर झाडी, मध्ये काठा, आत भात, मागे तळं.

गोव्यात या रचनेला खाजन म्हणतात, तिथली उघाडी म्हणजे मानस. 2011च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजन जमिनींसाठी वेगळा परिच्छेद आहे: त्यांचे नकाशे करा, कांदळ जपा, व्यवस्थापनाचा आराखडा करा, बांधकामं नकोत. शेत, बांध आणि झाडी तिथे निदान कागदावर एकत्र आली. रायगडच्या खारेपाटाच्या वाट्याला असा परिच्छेद आलेला नाही. आली ती औष्णिक वीज प्रकल्पासाठी शहापूर-धेरंडच्या शेतीची भूसंपादनं आणि त्याविरुद्धचं आंदोलन.

सायंकाळी 5

देवळात बैठक. विषय बुडालेल्या शेताचा. 2017 साली राज्याने कांदळवन संवर्धन आणि उपजीविका अशी योजना काढली: खेकडापालन, पिंजऱ्यातला जिताडा, कालवं, पर्यटन. गटाने अर्ज केला तर बहुतांश खर्च सरकारचा. वेंगुर्ल्याला स्वामिनी बचत गटाच्या बायका मांडवीच्या खाडीत पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, त्याचे व्हिडिओ इथे सगळ्यांनी पाहिलेत. तरुण पोरं म्हणतात, करूया. चिंबोरीला भाताच्या कितीतरी पट भाव आहे.

म्हातारे गप्प. मग तो दुपारचा ओरडणारा म्हणतो, "चिंबोऱ्या पाळू. पन जमीन कोनाची ते आधी लिवून द्या." गट करायचा तर ज्याचं शेत बुडालं तो पहिला सभासद हवा, पण सातबारावर चार पिढ्यांची नावं, निम्मे वारस मुंबईला. एक पोरगी उठून सांगते की तलाठ्याकडे सगळ्यांनी एकदम जाऊ, वारसनोंदी आधी पुऱ्या करू, अर्ज नंतर. बारावी शिकते. तिचं म्हणणं मला सगळ्यात शहाणं वाटलं. कुणीतरी तिला विचारतं, "तुझ्या आज्याचं शेत हाय का त्यात?" ती म्हणते, "हाय. मी बघितलंच नाय ते कधी." तिच्या जन्माच्या आधीच तिथे तिवर आली होती. तिला ते शेत परत नको आहे, त्याचा मोबदला हवा आहे. तिच्या आजोबाला शेतच हवं आहे. एकाच घरात दोन मागण्या असताना सरकारी फॉर्मवर 'स्थानिक समुदायाचं मत' हा एकच रकाना कसा भरायचा, हे फॉर्म करणाऱ्यांनी येऊन बघावं.

ठराव होतो: वारसनोंदींसाठी यादी करायची. बाकीचं पुढच्या बैठकीत.

रात्री 7.45

पुन्हा ओहोटी. विजेरी घेऊन आम्ही उघाडीवर. झडपेत ओंडका अडकला आहे, दुपारच्या उधाणाने आणलेला. तिघे मिळून दोर लावून ओढतात, आतलं पाणी धाडकन बाहेर सुटतं. उद्या सकाळपर्यंत शेत निम्मं तरी मोकळं झालं पाहिजे, नाहीतर रहू कुजेल. रात्रीच्या भरतीला दोनच्या सुमारास राखणीला पुतण्या येणार. त्याची पाळी सुटून तो साडेअकराला घरी पोहोचतो.

खचलेल्या जागेवर रविवारी जोळ लावायची ठरते, कारखान्यातल्या पोरांना सुट्टी असते म्हणून. दादा मला विचारतो, "थांबतोस का रविवारपर्यंत?" माझी गाडी शनिवारची, कल्याणहून दुर्ग. तसं सांगितलं.

"मग तुझा हिस्सा आजच टाकून जा," म्हणत तो घमेलं माझ्याकडे सरकवतो.